फुलपाखराचा बुश

मराठी घरातल्या कर्त्या पुरुषाला दुरुस्तीतलं एकच कलम पाठ असतं: पिळून घट्ट करणे. कुकरचा दांडा डुगडुगतोय, पिळा. नळ ठिबकतोय, पिळा. तरी ठिबकला तर सुतळी गुंडाळून पिळा. चष्म्याची काडी ढिली झाली तर सुरीच्या टोकाने पिळा, आणि त्यात सुरीचं टोक वाकलं तर ते पकडीने सरळ करून पुन्हा पिळा. एवढ्या भांडवलावर आपल्या तीन पिढ्यांनी संसार केले. पंखे, खाटा, स्कूटरी, शिलाई मशिनं, दाराच्या कड्या, सगळ्यांना हेच औषध लागू पडलं. त्यामुळे जी घट्ट केली की बिघडते अशी वस्तू घरात आली, तेव्हा आमच्या दुरुस्तीखात्याची उडालेली त्रेधा पाहण्यासारखी होती.

वस्तू म्हणजे भाच्याची बटरफ्लाय नाइफ. घरात तिचं नाव ‘फुलपाखरू’ पडलं. सुरुवातीलाच सांगून टाकतो, फुलपाखरू बोथट होतं. पात्याच्या जागी भोकं पाडलेली एक पोलादी पट्टी, कडा गोल, टोकाचा पत्ता नाही. सरावाची म्हणून विकतात ती ही. आजीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि निकाल दिला, “हिने पिकलेलं केळंसुद्धा कापलं जायचं नाही. चाकू कशाला म्हणायचं मग?”

मूळ वस्तू मात्र अस्सल चाकू. फिलिपाइन्सच्या बटांगास प्रांतात तिला बालिसाँग म्हणतात. तिथल्या ताल गावात याच नावाची एक वस्तीही आहे. पात्याच्या बुडाशी दोन भोकं, प्रत्येक भोकात एक खिळा आणि त्या खिळ्यांभोवती फिरणाऱ्या दोन मुठी. मुठी मिटल्या की पातं त्यांच्या पोटात, उलट्या दिशांनी फिरवल्या की बाहेर. सगळा कारभार एका हातात. हातात कसब असेल तर उघडझापेचं नाचकाम होतं, आणि ते पाहून सरकारांना घाम फुटतो. ब्रिटनने १९८८ साली या चाकूच्या विक्रीवर बंदी घातली आणि पुढे २०१९च्या कायद्याने तो घरात ठेवणंही गुन्हा ठरवला. जर्मनीने २००३ साली बंदी आणली. आपल्याकडे काही बंदी येण्याआधी आमच्या आजोबांनीच ती आणून पाहिली. ते ‘वक्त’ सिनेमाच्या पिढीतले. १९६५ साली राजकुमारने पडद्यावर, चाकू ही मुलांनी खेळायची चीज नाही, हाताला लागला तर रक्त येतं, असं बजावलं होतं. आजोबांनी तेच आवाजासकट भाच्याला ऐकवलं. भाच्याने पट्टी स्वतःच्या गळ्यावरून फिरवून दाखवली. रक्त आलं नाही. राजकुमार निरुत्तर झाला.

हे फुलपाखरू मराठी घरात कुठल्या वाटेने शिरलं, हेही सांगायला हवं. बटांगासहून थेट नाही. ते आलं संगणकाच्या पडद्यातून. ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळात २०१४ साली बटरफ्लाय नाइफ आली, मग इतर खेळांतही आली. खेळातला गडी शत्रूची वाट बघत उभा राहिला की रिकामपणी ती फिरवत बसतो. आपली मुलं पुढे शत्रूला विसरली आणि रिकामपणा तेवढा उचलला. आता दहावीच्या अभ्यासालाही एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात खट्-खट्-टक् चालू असतं. चाकू बोथट असला तरी तो फिरवणाऱ्याच्या बोटांची पेरं काही बोथट नसतात. पहिले काही आठवडे भाच्याच्या बोटांवर निळे डाग होते आणि घरात हळदीचा खप वाढला होता.

मग एके दिवशी तक्रार आली. “काका, हँडलला प्ले आलाय.”

काका म्हणाले, “प्ले आहे म्हणूनच तर खेळतोयस.”

काका, म्हणजे सगळ्या घराचेच काका, बँकेतून निवृत्त. हिशेबाच्या वह्यांनी जन्मभर ज्यांना हातोडीपासून लांब ठेवलं, अशा माणसांत निवृत्तीनंतर कारागिरीची जी तहान जागी होते ती फार धोक्याची असते. काकांकडे एक पत्र्याची पेटी आहे. तीत एक हातोडी, दोन पकडी, मुठीला चिकटपट्टी लावलेला स्क्रूड्रायव्हर आणि कुठून निघाले हे कुणालाच आठवत नाही असे मूठभर स्क्रू. प्रत्येक दुरुस्तीनंतर या शेवटच्या ऐवजात भर पडते. काका त्याला बचत म्हणतात.

त्यांनी फुलपाखरू हातात घेऊन कानाशी हलवलं. खुळखुळलं. निदान झालं: “रिबीट ढिले झालेत.” ते खरंच होतं. स्वस्तातल्या नगांना स्क्रू नसतात, रिबीटच ठोकलेले असतात. मुठी दिवसभर आपटून आपटून रिबिटाची टोपी झिजते, भोक रुंदावतं, आणि मूठ नको त्या बाजूलाही डुलायला लागते. यावरचा घरगुती इलाज म्हणजे जाड लोखंडावर ठेवून रिबिटाच्या टोपीवर हलके टोले द्यायचे, म्हणजे ती पसरते आणि फट कमी होते. यातला ‘हलके’ हा भाग काकांच्या कानापर्यंत पोचला नाही. खलबत्त्याचा खल पालथा घालून त्यावर त्यांनी असे टोले दिले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, फरशी बदलताय का.

खुळखुळ थांबली. त्याबरोबर फिरणंही थांबलं. मूठ आता ज्या कोनात ठेवाल त्या कोनात मुक्कामाला राहायला लागली.

“झालं बघ घट्ट,” काका म्हणाले.

“काका, ही घट्ट नकोय.”

“मग ढिली होती ती काय वाईट होती?”

इथे तत्त्वज्ञानाचा पेच पडला. भाच्याने परीक्षा समजावून दिली: एक मूठ धरायची, दुसरी सोडायची. ती स्वतःच्या वजनाने खाली पडली पाहिजे, वाटेत थबकता कामा नये. पण तीच मूठ आडवी हलवली तर मुळीच डुलता कामा नये. एका दिशेने संपूर्ण मोकळी आणि दुसऱ्या दिशेने संपूर्ण पक्की. काकांनी बराच वेळ विचार केला. चाळीस वर्षांच्या नोकरीत कर्जाच्या अर्जदारांकडून त्यांनी नेमकी हीच अपेक्षा केली असणार, पण वस्तूकडून अशी अपेक्षा ठेवता येते हे त्यांना नवीन होतं.

फार घट्ट बसलेला रिबीट सैल करायचा उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: थेंबभर तेल सोडायचं आणि उघडझाप करत राहायचं. हे काम आजीकडे गेलं. तिच्याजवळ वेळ होता आणि शिलाई मशिनच्या तेलाची बाटलीही होती. तिने रामनामाच्या प्रत्येक आवर्तनाला एक उघडझाप असा हिशेब लावला. तीन-चार संध्याकाळींत रिबीट मोकळा झाला आणि जपही वाढला. आजीने फुलपाखरू परत देताना भाच्याला सांगितलं, “तुझ्या अभ्यासापेक्षा माझ्या उपासनेला जास्त उपयोगी आहे हे.”

रिबिटाचा नग लवकरच कामातून गेला, कारण भोकच अंडाकृती झालं आणि भोकावर हातोडी चालत नाही. मग अमेरिकेतल्या आत्याने चांगल्यातला नग पाठवला. तोही सरावाचाच, पण किंमत शंभर डॉलरच्या वर. हा आकडा आजोबांपासून लपवण्यात आला. या नगाला रिबीट नव्हते, स्क्रू होते, आणि स्क्रूच्या डोक्यावर सहा पाकळ्यांची चांदणी होती. १९६७ साली अमेरिकेत ही चांदणी निघाली ती स्क्रूड्रायव्हर घसरू नये म्हणून. सपाट तोंडाचा स्क्रूड्रायव्हर तीत कोंबून पिळणारा काका जगात असू शकतो, हे तिच्या कर्त्यांना ठाऊक नसावं. एका बाजूच्या चांदणीची पौर्णिमा झाली, म्हणजे पाकळ्या जाऊन ती पार गोल झाली. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून मोबाइलवाल्यांकडची बारीक टोकांची डबी आली. टी-६, टी-८, टी-१० असे आकडे कोरलेली ती टोकं पाहून काका हरखले. “किती वर्षं वाया गेली,” असं काहीसं ते पुटपुटल्याचं आजी सांगते.

चांगल्या नगाचा आजार वेगळा. फिरवताना प्रत्येक वेळी मूठ थाडकन येऊन थांबते, त्या हादऱ्याने स्क्रू कणाकणाने उलटा फिरतो, आणि ऐन कसरतीत मूठ एकीकडे आणि पातं दुसरीकडे, अशी वाटणी होते. यासाठी स्क्रूच्या आट्यांत एक द्रव घालतात. दोन धातूंच्या मधे सापडून हवा मिळेनाशी झाली की तो आळतो आणि स्क्रूला धरून ठेवतो. निळा घातला तर साध्या हत्याराने पुन्हा खोलता येतो. लाल घातला तर खोलायला आच द्यावी लागते, तीही साधारण अडीचशे अंश सेल्सिअसची.

काकांनी लाल आणला. “निळा म्हणजे कच्चा माल,” ते म्हणाले.

पण लाल लावूनही स्क्रू दुसऱ्या दिवशी सुटला. आट्यांत आधीच आजीचं मशिनचं तेल मुरलेलं होतं आणि तेलावर हा द्रव बसत नाही. आधी आटे स्पिरिटने पुसून कोरडे करावे लागतात. तोवर घरातल्या एका मुलीने आपली नेलपेंटची बाटली पुढे केली. नेलपेंटही तात्पुरतं चालतं, हे कुणाला सांगून खरं वाटत नाही, पण चालतं. काही दिवस फुलपाखराचे सांधे गुलाबी चमकीचे होते. भाच्याला ते पसंत नव्हतं, कारण शत्रूची वाट बघत उभ्या असलेल्या गड्याला गुलाबी चमकी शोभत नाही. मग आटे स्वच्छ धुतले गेले आणि काकांनी काडीने न लावता थेट बाटलीतूनच लाल ओतला. तो ओघळून वॉशरमध्ये उतरला. सांधा असा बसला की फुलपाखराचा पुन्हा कोश झाला. सोडवायला सोल्डरिंगची कांब तापवून स्क्रूच्या डोक्यावर धरावी लागली. घरात वास सुटला आणि आजीने देवघरातून हाक दिली, “दूध लागलं का रे?”

इथे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ कथेत येतात. मघाशी फरशीची चौकशी केली ती त्यांनीच. ते एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, म्हणून सगळी इमारत त्यांना ‘टूलरूम’च म्हणते. त्यांच्याकडे लाकडी पेटीत मलमलीत गुंडाळलेला मायक्रोमीटर आहे. तो ते दसऱ्याला पूजतात आणि एरवी कुणाला हात लावू देत नाहीत. निवृत्तीनंतर त्यांना एकच दुःख होतं: घरात कुणी मापं विचारत नाही. पोळी किती जाड, असा प्रश्न त्यांनी एकदा स्वतःच काढला होता, पण तो घरच्यांनी मनावर घेतला नाही.

त्यांनी सांधा खोलून टेबलावर मांडला आणि तर्जनीने एक बारीक नळी उचलली. “हा बुश. तुम्ही पिळत बसलात, कुणाला पिळताय ते बघितलंत का?”

मग जे कळलं ते असं. पात्याच्या भोकात हा बुश बसतो. पातं आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे फॉस्फर ब्राँझचे वॉशर मिळून जेवढी जाडी होते, तिच्याहून बुश नावापुरता लांब असतो. त्यामुळे स्क्रू जीव खाऊन पिळला तरी मुठीचा दाब येतो तो बुशवर. पातं दाबलं जात नाही. बुश सगळा भार सोसतो आणि पातं त्याच्याभोवती मजेत फिरतं. म्हणजे ज्या नगात नुसते वॉशर असतात तिथे स्क्रू अंदाजाने अर्धवट पिळून थांबावं लागतं, आणि ज्या नगात बुश असतो तिथे पूर्ण पिळायचा असतो.

काका उठून बसले. “म्हणजे पूर्ण पिळायचंच?”

“पूर्ण.”

“मी पहिल्यापासून काय सांगत होतो?”

त्या संध्याकाळी काकांनी सगळ्यांना चहा पाजला.

अडचण एवढीच की वॉशर रोज घासून पातळ होतात. ते पातळ झाले की त्यांच्या मानाने बुश लांब पडतो, फट वाढते आणि मूठ पुन्हा डुलायला लागते. उपाय दोन: नवे वॉशर घालायचे, नाहीतर बुश घासून तेवढाच तोकडा करायचा. वॉशरसाठी काका बोहरी आळीत गेले. काउंटरवरच्याने विचारलं, “कशाला लागतो?” काका म्हणाले, “फुलपाखराला.” त्याने शांतपणे पुढचं गिऱ्हाईक घेतलं. पुण्यात हार्डवेअरचं काय मिळत नाही असं नाही, पण विचारणाऱ्याने ते यंत्राच्या नावाने विचारावं लागतं.

मग बुश घासायचं ठरलं. आरशाच्या काचेवर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने भिजवून चिकटवायचा, बुश उभा धरायचा, आणि बोटाच्या टोकाने हलका दाब देत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा, म्हणजे तो एका अंगाला जास्त घासला जात नाही. आरटीओत आठ काढता न आल्यामुळे ज्यांना लायसन्ससाठी दुसरी तारीख घ्यावी लागली, अशा माणसांनी या कामाला बसू नये. टूलरूम दर दोन आठांनंतर बुश पुसून मायक्रोमीटरमध्ये धरायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. माणसाचा केस मिलिमीटरच्या साधारण दहाव्या ते विसाव्या भागाएवढा जाड असतो. इथला हिशेब शंभराव्या भागाचा. खोलीत कुणी जोराने श्वास सोडला तरी ते वर बघत होते.

ते पाणी प्यायला उठले, तेवढ्यात काकांनी आपल्या हाताने चार आठ काढले. चारच. पण बँकेत सही करायची सवय असलेला हात, दाब पडायचाच. सांधा जोडला तर मूठ गच्च. टूलरूमनी बुश मोजला, चष्मा काढला आणि म्हणाले, “घासलेला बुश वाढत नाही.” हे वाक्य त्यांनी अशा स्वरात म्हटलं की आजीने ते कुणाचं म्हणून विचारलं.

नवे बुश आत्याकडून मागवेपर्यंत दुरुस्तीखातं स्वस्थ बसलं नाही. मुठींचा कुलपाटा, म्हणजे मिटलेल्या मुठी अडकवून ठेवणारी शेवटाची कडी, ढिली होऊन फिरताना मधेच आपटत होती. काका तिला घट्ट करणार, तेवढ्यात भाचा म्हणाला, “ती काढूनच टाक.” सराव करणारे बरेचजण ती काढूनच टाकतात म्हणे. वजन कमी होतं, आवाज कमी होतो. दुरुस्ती म्हणून वस्तूचा भाग काढून टाकायचा आणि वस्तू आधीपेक्षा चांगली चालायची, ही कल्पना काकांना अनैतिक वाटली. पण काढलेला कुलपाटा आणि त्याचा स्क्रू पेटीत बचतखाती जमा करता आला, तेव्हा ते राजी झाले.

या सगळ्यात स्क्रू पडणे हा एक स्वतंत्र सोहळा होता. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू टेबलावरून उडाला की घर जागच्या जागी गोठायचं. कुणी पाय उचलायचा नाही. आजोबा उंबऱ्याबाहेर उभे राहून, आत येऊ का, असं विचारायचे. बॅटरी जमिनीला समांतर धरून सावल्या शोधायच्या, चुंबक फिरवायचा, आणि चुंबकाला मागच्या दिवाळीतल्या टिकल्यांच्या डबीपासून केसांच्या पिनांपर्यंत सगळं चिकटायचं. शेवटी कामवाल्या मावशी सुपलीत केर घेऊन यायच्या आणि विचारायच्या, “हे काय तुमचं सोनं?” पुढे सगळं काम काठाच्या परातीत करायचं ठरलं. मग कणीक कुठे मळायची, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात आला नाही. आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

नवे बुश आले. टूलरूमनी स्वतः आठ काढले, काकांना समोरच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसवलं होतं. आटे स्पिरिटने पुसले, काडीच्या टोकाने निळा द्रव लावला, स्क्रू पूर्ण पिळला. शेवटचा वेढा मानाचा म्हणून काकांना दिला. मुठीच्या कडेला आपटून उठलेले बारीक काटे कानशीने काढले. मग भाच्याने एक मूठ धरली, दुसरी सोडली. ती सरळ खाली आली. आडवी हलवली. मुळीच हलली नाही. आजोबाही बघायला आले आणि त्यांनी राजकुमारचं काही काढलं नाही, यातच सगळं आलं.

आणि तिथून घरावर अवकळा आली. फुलपाखरू इतकं नीट चालायला लागलं की त्याला काही होईचना. काका रोज सकाळी ते कानाशी हलवून बघतात. आवाज नाही. टूलरूम जिना चढून येतात, मायक्रोमीटर खिशात, आणि सहज आल्यासारखं विचारतात, “काही डुलतंय का?” काही डुलत नाही. वॉशर शाबूत, बुश शाबूत, स्क्रू जागच्या जागी. बिघडलेली वस्तू दोन म्हाताऱ्यांना महिनोन्‌महिने एका परातीभोवती बसवू शकते. चालणारी वस्तू त्यांना आपापल्या टीव्हीसमोर पाठवून देते.

त्यातच भाच्याची बारावी जवळ आली आणि त्याने फुलपाखरू टेबलाच्या खणात ठेवून दिलं. घरातल्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. परवा काका त्याच्या खोलीत शिरले. भाच्याला वाटलं, आता अभ्यासावर व्याख्यान येणार. काकांनी दार लोटलं, खण उघडला, फुलपाखरू काढून त्याच्या हातात ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “अरे, सारखं पुस्तकात डोकं घालून कसं चालेल? फिरव जरा. आणि दोन-चार वेळा फरशीवर पडू दे की.”